वाळवंटातला जुना रस्ता आणि दोन दिवसांचा आराखडा

[पहाट. क्षितिजावर मालगाडी.]

समोरून जाणाऱ्या या मालगाडीचे डबे मोजायला आम्ही सुरुवात केली होती, पण शंभरी ओलांडल्यावर नाद सोडून दिला. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंट ओलांडून पूर्वेला ॲरिझोनाकडे जाणारा हा लोहमार्ग १८८३ मध्ये पूर्ण झाला. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर थांबणे भाग होते, म्हणून जिथे झाड नाही, झरा नाही, वस्ती नाही अशा माळावर थांबे आखले गेले, आणि त्यांना नावे कोणती द्यायची हा प्रश्न इंग्रजी वर्णमालेने सोडवला: अँबॉय, ब्रिस्टल, केडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. पुढे मोटारी आल्या तेव्हा त्यांनीही या रुळांचीच सोबत धरली. १९२६ मध्ये शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या मार्गाला सहासष्ट हा क्रमांक मिळाला, तेव्हा या भागातला रस्ता रुळांना लगटूनच धावत होता.

आज बार्स्टो ते फ्लॅगस्टाफ हे साडेतीनशे मैलांचे, म्हणजे सुमारे ५७० किलोमीटरचे अंतर चाळीस क्रमांकाच्या महामार्गाने साडेपाच तासांत कापता येते. दक्षिण कॅलिफोर्नियात राहणारी मराठी कुटुंबे सुट्टीत ग्रँड कॅन्यनला निघतात ती याच महामार्गाने, आणि आम्हीही अनेकदा तसेच गेलो आहोत. या वेळी मात्र त्याच अंतराला दोन दिवस द्यायचे आणि जिथे जिथे जुना रस्ता शिल्लक आहे तिथे महामार्ग सोडायचा, असे ठरले. हे चित्रण त्याच प्रवासाचे.

[जेवणाचे टेबल. कागदी नकाशा, पेन्सिल, चहाचा कप.]

या टेबलावर तीन रात्री गेल्या. पहिल्या रात्री आम्ही अंतरे जोडत बसलो आणि दुसऱ्या रात्री ती सगळी बेरीज खोडून टाकली, कारण नोव्हेंबरच्या मध्यावर या भागात उजेड जेमतेम सव्वादहा तास असतो आणि जुन्या रस्त्यावर अंधारात पाहण्यासारखे काहीही नसते; उलट रस्त्यावर आलेले जनावर दिसत नाही, हा धोका असतो. त्यामुळे आराखडा सूर्यास्तापासून मागे मांडावा लागला. पहिल्या दिवशीचा सूर्य ॲरिझोनातल्या ओटमन गावाजवळचा घाट उतरल्यावर मावळला पाहिजे, दुसऱ्या दिवशीचा फ्लॅगस्टाफच्या पुढच्या उल्काविवराच्या काठावर. या दोन खुणा आधी पक्क्या झाल्या आणि मग सकाळची निघण्याची वेळ आपोआप ठरली.

यात एक गोम आहे, जी नकाशावर दिसत नाही. कॅलिफोर्निया वर्षातून दोनदा घड्याळ बदलते. ॲरिझोना, त्यातला नावाहो या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राचा प्रदेश सोडला तर, बदलत नाही. उन्हाळ्यात कोलोरॅडो नदीच्या दोन्ही तीरांवर वेळ एकच असते. हिवाळ्यात मात्र पूल ओलांडताच घड्याळ एक तास पुढे जाते. ज्याने कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने ॲरिझोनातल्या दुकानांचा हिशेब केला, त्याला ओटमनमध्ये बंद दारे पाहावी लागतात. नकाशाच्या समासात पेन्सिलीने केलेला हा मोठा गोल त्या हरवणाऱ्या तासाचा आहे.

[गाडीची उघडी डिकी. पाण्याचे कॅन.]

पाण्याचा हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला चार लिटर, आणि मोटार बंद पडून रात्र काढावी लागली तर आणखी तेवढेच. थंडीच्या दिवसांत हे जास्त वाटते. ते जास्तच असलेले बरे. पेट्रोलचा काटा निम्म्याखाली जाऊ द्यायचा नाही, भाव कितीही चढा असला तरी मिळेल तिथे टाकी भरायची. फोनला मैलोनमैल सिग्नल नसतो, म्हणून नकाशे आधीच उतरवून घेतले आणि शिवाय कागदी नकाशा सोबत ठेवला. भाड्याची गाडी ताब्यात घेताना डिकीचा तळ उचलून पाहिला, तेव्हा स्टेपनीच्या जागी हवा भरण्याचा छोटा पंप आणि चिकटद्रवाची बाटली निघाली. टोकदार खडीवर टायरची कड फाटली तर ती बाटली कुचकामी ठरते. काउंटरवर बराच वेळ हुज्जत घालून आम्ही स्टेपनी असलेली दुसरी गाडी मिळवली. सुदैवाने तिची गरज पडली नाही, त्यामुळे तिचे चित्रणही नाही.

[सकाळ. लाकडी पूल, जवळून.]

हा पूल नीट पाहावा. लाकडी खांब, लाकडी तुळया, वर डांबराचा थर. मोहावीतील जुन्या रस्त्यावर असे शंभराहून अधिक पूल आहेत आणि त्यांतले बहुतेक १९३० च्या दशकातले आहेत. ज्या ओढ्यांवर ते बांधले आहेत, ते वर्षातले जवळपास सगळे दिवस कोरडे असतात. पण दूरच्या डोंगरावर ढग फुटला की इथे थेंबही न पडता तासाभरात गढूळ लोंढा येतो, आणि वाळवंटाची टणक जमीन ते पाणी पिऊन घेत नाही. म्हणून रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला मातीचा लांबच लांब बांध घातलेला दिसतो. पाण्याला रस्त्यावर पसरू न देता पुलाच्या तोंडाशी आणून सोडायचे, एवढे त्याचे काम. ही साधी युक्ती आहे आणि ती इतकी वर्षे चालली.

त्याच बांधावर प्रवाशांनी काळे ज्वालामुखी दगड रचून आपापली नावे लिहिली आहेत. कॅमेरा इथे बराच वेळ थांबला. एका नावातले शेवटचे अक्षर घसरून खाली आले आहे आणि त्या दगडांच्या आडोशाला पालीएवढा सरडा ऊन खात बसला आहे.

२०१४ आणि २०१७ च्या पुरांत यांतले अनेक पूल मोडले आणि तेव्हापासून रस्त्याचे तुकडे बंद पडत गेले. म्हणूनच आदल्या रात्री काउंटीच्या रस्तेविभागाची सूचना पाहिल्याशिवाय इथला आराखडा पुरा होत नाही. आम्हीही थेट न येता महामार्गावरून केलबेकर रस्त्याने दक्षिणेला उतरून अँबॉय गाठले.

[अँबॉय. रॉयज् मोटेलची पाटी.]

ही पाटी १९५९ मध्ये उभी राहिली. लाल, काळी, पिवळी, बाणासारखी जमिनीकडे रोखलेली. सपाट माळावर ती मैलांवरून दिसते, आणि दिसावी म्हणूनच ती एवढी उंच केली होती. रॉय क्रॉल यांनी १९३८ मध्ये इथे पेट्रोल विकायला सुरुवात केली, त्यांचे जावई बस्टर बरिस यांनी त्याला खाणावळ, गॅरेज आणि राहण्याच्या खोल्या जोडल्या. गावाच्या पलीकडे दिसतो तो काळा शंकू म्हणजे अँबॉयचे विवर, राखेने आणि लाव्ह्याने घडलेली सुमारे ७५ मीटर उंचीची ज्वालामुखीची टेकडी. दुसऱ्या बाजूला ब्रिस्टलचे कोरडे सरोवर आहे, जिथे चर खणून खारे पाणी साठवतात आणि त्यातून कॅल्शियम क्लोराइड काढतात. चरांतले पाणी इतके हिरवे-निळे दिसते की चित्रणाचे रंग बदलले असावेत असे वाटेल, बदललेले नाहीत. पिण्याचे पाणी मात्र या गावाला नेहमी बाहेरूनच आणावे लागले आहे.

१९७३ मध्ये महामार्ग उत्तरेकडून गेला आणि अँबॉय रिकामे झाले. २००५ मध्ये अल्बर्ट ओकुरा या उपाहारगृह-व्यावसायिकाने हे अख्खे गाव विकत घेतले, २००८ मध्ये पेट्रोलचा पंप पुन्हा सुरू केला आणि २०१९ मध्ये पाटीवरचे निऑनचे दिवे उजळले. आम्ही दिवसा पोहोचलो, त्यामुळे उजळलेली पाटी या चित्रणात नाही. पेट्रोल मात्र घेतले.

[कोलोरॅडो नदी. पांढरी कमान.]

नीडल्स हे नदीकाठचे गाव मागे टाकून टोपॉकला नदी ओलांडताना शेजारी ही पांढरी कमान दिसते. १९१६ च्या या पुलावरून एकेकाळी सहासष्ट क्रमांकाची सारी वाहतूक जात असे. आज त्यावरून नैसर्गिक वायूची वाहिनी जाते. इथे घड्याळे एक तास पुढे केली.

[ओटमन. गाढवे.]

ओटमनच्या मुख्य रस्त्यावर वाहतूक कोण अडवते ते दिसतेच आहे. सोन्याच्या खाणींत ओझी वाहण्यासाठी आणलेल्या गाढवांचे हे वंशज. खाणकाम मंदावत गेले, १९४२ मध्ये युद्धकाळात अमेरिकी सरकारने सोन्याच्या खाणी अनावश्यक ठरवल्या, आणि माणसे जाताना जनावरे डोंगरात सोडून गेली. १९७१ च्या कायद्याने मोकाट घोड्यांना आणि गाढवांना संरक्षण मिळाले, तेव्हापासून त्यांना हुसकण्याची सोय राहिली नाही. दिवसा ती गावात येतात, खिडकीतून तोंड आत घालतात आणि संध्याकाळी डोंगरात परततात. या शिंगराच्या कपाळावर चिकटवलेली चिठ्ठी जवळून वाचता येते: मला खायला घालू नका. दूध पिणाऱ्या पिलाच्या घशात गाजराचा तुकडा अडकू शकतो. पर्यटकाने फलक वाचला नाही तरी कपाळ वाचल्याशिवाय तो पुढे जात नाही.

गाव सोडले की चढ लागतो. इथे त्याला ‘सिटग्रीव्हज पास’ म्हणतात. आपल्या भाषेत हा घाट आहे, आणि कठडे जवळजवळ नसलेला घाट आहे. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,०८० मीटरवर आहे. जुन्या फोर्ड मोटारींत पेट्रोल पंपाने नव्हे, तर उताराने इंजिनात येत असे; तीव्र चढावर पुढचा भाग उंचावला की इंजिन टाकीपेक्षा वर जाई आणि पेट्रोल पोहोचत नसे. म्हणून चालक गाडी वळवून मागच्या गियरमध्ये, पाठीकडून घाट चढत. ज्यांना तेवढेही धैर्य नसे, ते गावातल्या माणसाला पैसे देऊन गाडी वर ओढून घेत. चाळीस फुटांहून लांब वाहनांना आजही इथे मनाई आहे. वळणांवर वळणे चढणारा आमचा कॅमेरा एका जागी हलतो, तिथे चालकाने समोरून आलेल्या मोटरसायकलस्वारांना वाट दिली होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सपाटीवरून नवा रस्ता झाला आणि घाटावरची वर्दळ संपली.

सूर्य साडेपाचला मावळला, तेव्हा आम्ही घाट उतरून सपाटीवर आलो होतो. किंगमनच्या मुक्कामाबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

[दुसरा दिवस. सरळ रस्ता, गवत.]

किंगमनहून सेलिगमनला महामार्गाने सत्तर मैल पडतात आणि जुन्या रस्त्याने सत्त्याऐंशी. हे सतरा मैल आराखड्यात टिकवण्यासाठी फ्लॅगस्टाफचे जेवण कापावे लागले आणि शिदोरी बांधून घ्यावी लागली. रस्ता उत्तरेला कमानीसारखा वळसा घेतो आणि वालापाई या मूळ रहिवाशांच्या प्रदेशातून जातो. पीच स्प्रिंग्ज ही त्यांची राजधानी. तिथून एक कच्चा रस्ता थेट ग्रँड कॅन्यनच्या तळाशी, नदीपर्यंत उतरतो, पण त्याला वालापाई प्रशासनाची परवानगी लागते आणि ती आम्ही आधी काढली नव्हती. पुढच्या वेळच्या यादीत ती पहिली आहे.

[सेलिगमन. न्हाव्याची खुर्ची.]

ही खुर्ची एंजल डेल्गाडियो यांची. १९२७ मध्ये याच गावात जन्मलेले, व्यवसायाने न्हावी. २२ सप्टेंबर १९७८ रोजी महामार्ग सुरू झाला आणि गावातून जाणारी वाहतूक त्याच दिवशी आटली. १९८५ मध्ये तर सहासष्ट हा क्रमांकच राष्ट्रीय यादीतून वगळला गेला. नकाशावर रस्त्याचे नाव नसेल तर प्रवासी येणार कसा, एवढाच मुद्दा धरून डेल्गाडियो आणि गावकरी फेब्रुवारी १९८७ मध्ये एकत्र जमले, संघटना स्थापन केली आणि राज्याकडे पाठपुरावा सुरू केला. त्याच वर्षी ॲरिझोनाने सेलिगमन ते किंगमन या टप्प्याला ऐतिहासिक मार्गाचा दर्जा दिला, तपकिरी पाट्या लागल्या आणि पुढे इतर राज्यांनीही तोच कित्ता गिरवला. दुकानाच्या भिंतीवर जगभरच्या प्रवाशांची व्हिजिटिंग कार्डे एकावर एक टाचली आहेत. खालच्या थरातली उन्हाने पिवळी पडली आहेत. २०२६ हे या रस्त्याचे शंभरावे वर्ष.

[पाइनची झाडे. मग मोकळा माळ.]

फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या शिखरापेक्षा साडेचारशे मीटर उंच. काल सकाळी अँबॉयला आम्ही समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, अंगात सुती सदरा घालून उभे होतो. इथे झाडांच्या सावलीत बर्फ आहे. थांबलो नाही.

[उल्काविवर, काठावरून.]

सुमारे १,२०० मीटर रुंद आणि १७० मीटर खोल. जवळपास पन्नास हजार वर्षांपूर्वी लोखंडाची उल्का आदळून झालेला हा खड्डा एकेकाळी ज्वालामुखीचाच परिणाम मानला गेला होता. खाणउद्योजक डॅनियल बॅरिंजर यांनी १९०३ पासून पंचवीसहून अधिक वर्षे उल्केचे लोखंड शोधत इथे विंधणे घेतली. लोखंडाचा साठा काही सापडला नाही, कारण उल्केचा बहुतेक भाग आघातातच विरून गेला होता. १९६० मध्ये युजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथल्या खडकात कोएसाइट हे खनिज मिळाले, जे एवढ्या प्रचंड दाबाखालीच तयार होते, आणि वाद मिटला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारबद्दलही हाच घोळ दीर्घकाळ चालला होता. लोणार याहून रुंद आहे आणि बेसाल्टात घडलेले आहे. पण तिथे पाणी आणि झाडी असल्याने खड्ड्याचा आकार असा उघडा दिसत नाही. ज्याने लोणारच्या काठावरून खाली पाहिले आहे, त्याने इथे उभे राहून दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत.

पश्चिमेच्या कडेची सावली तळ ओलांडून समोरच्या भिंतीवर चढते आहे. नकाशावर सूर्यास्ताची वेळ पाच वाजून अठरा मिनिटे अशी लिहिलेली होती आणि दोन दिवसांचा सारा हिशेब तिथून मागे मोजला होता. विवराचे फाटक सूर्यास्तापूर्वी बंद होते, हे मात्र कोणी पाहिले नव्हते. त्यामुळे मावळत्या सूर्याचे हे शेवटचे दृश्य बाहेरच्या रस्त्यावरून घेतले आहे. उजवीकडे क्षितिजावर जी ठेंगणी, ओबडधोबड टेकडी दिसते, ती विवराची कड आहे.