औंदाचा हिवाळा आणि अंबाडीचा वाख

नमस्कार, श्रोतेहो.

पौष निम्मा सरला तरी शेकोटीभोवती गर्दी नाही, असा औंदाचा हिवाळा. 2018 च्या डिसेंबरात नागपूरचा पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. त्या वर्षी जागलीला गेलेली माणसं अजून त्या रात्रींच्या गोष्टी सांगतात. यंदा उत्तरेचा वारा जरा जोर धरतो न धरतो तोच आभाळ भरून येतं आणि दिवसाची ऊब रात्री वर निघूनच जात नाही. गव्हाला थंडी हवी, संत्र्याच्या आंबिया बहाराला हवी, हे कृषी कार्यक्रमात तुम्ही ऐकताच. मी आज बोलणार आहे वाखाबद्दल, म्हणजे अंबाडीच्या सालीच्या धाग्याबद्दल, रुईबद्दल आणि टसर रेशमाच्या कोशाबद्दल. या कामांचं वेळापत्रक आजवर थंडीच सांभाळत आली. औंदा ते आपल्या हातानं सांभाळावं लागेल.

आधी अंबाडी. धुऱ्यावरची अंबाडी पुष्कळांनी बी धरेपर्यंत उभी ठेवली असेल. ती कापायची, दोन दिवस पानं गळू द्यायची, पेंढ्या बांधायच्या आणि नाल्याच्या डोहात दगडांखाली दाबायच्या. पाण्यातले जिवाणू सालीतला चिकट भाग खातात आणि वाख काडीपासून सुटतो. पाणी गार असलं की हे काम रेंगाळतं, कोमट असलं की भराभर उरकतं. जुनी माणसं दोन-तीन आठवडे म्हणतात, तो कडक थंडीतल्या पाण्याचा हिशेब. औंदा त्याच हिशेबावर बसलात तर पेंढी कुजून हातात येईल.

म्हणून दिवस मोजू नका, काडी बघा. पहिला आठवडा होत आला की रोज एक काडी बाहेर काढायची. बुडखा मोडायचा, अंगठ्याच्या नखानं साल उचलायची आणि शेंड्याकडे ओढायची. एका ओढीत साल सळसळत निघाली आणि आतली काडी पांढरी, गुळगुळीत राहिली, की पेंढ्या त्याच दिवशी वर घ्या. मध्येच हिरवट साल चिकटून राहिली तर परत बुडवा. वाख ओला असतानाच चिमटीत तुटायला लागला, तर उशीर झाला म्हणून समजा. त्याचं दावं करू नका, फार तर भारे बांधायला दोर करा. बैल दाव्याला झटका देतो, भारा देत नाही.

अर्थात उबेचा फायदाही आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहून साल सोलणं हे भर थंडीत हाल करणारं काम. आमच्याकडची एक म्हातारी परवा म्हणाली, "औंदा पाण्यात हात घातला तं कळ नाही येत, बावा." वाख पिळायचा तो मात्र सकाळीच, हवेत ओल असताना. दुपारच्या कोरड्या हवेत तो ठिसूळ होतो, पीळ नीट बसत नाही. वर्धा-सेवाग्रामकडे पेटी चरखा चालवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. हवा कोरडी असली की सूत सारखं तुटतं आणि जोडण्यातच वेळ जातो. तेव्हा ढगाळ सकाळ कातणाराला बरीच म्हणायची.

नायलॉनचा कासरा स्वस्त पडतो, टिकतोही, हे मला मान्य आहे. पण तो हाताला काचतो आणि भिजला की गाठ निसटते. पोळ्याला वेसण, म्होरकी, कासरा नवा हवा असेल, तर त्याचा वाख याच महिन्यात तयार व्हायला हवा.

आता पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. हवेत ऊब आहे, विहिरीला पाणी आहे, झाडाला परत पाती धरली आहे. अशा वेळी फरदड ठेवायचा, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक उभं राखायचा मोह होतोच. पण फुलांकडे नीट बघा. पाकळ्या न उमलता गोळा होऊन बसल्या असतील, म्हणजे डोमकळी दिसली, तर आत गुलाबी बोंडअळी आहे. 2017 साली तिनं विदर्भाला काय दाखवलं ते कोणी विसरलेलं नाही. शेत मोकळं झालं, खायला मिळालं नाही, की तिची साखळी तुटते. ताजं बोंड मिळत राहिलं तर पुढच्या खरिपापर्यंत तिची सोय आपणच करून देतो. शिवाय त्या शेवटच्या वेचणीत हाती काय येतं? कवडी. पिवळी, गुठळ्यांची रुई. तिचा ना कातायचा पेळू होतो ना वात. पऱ्हाटी उपटा, हे माझं स्पष्ट मत.

गादीवाले सांगतात, रजई भरून घ्यायला गिऱ्हाईक नाही. खरं आहे, पण सगळं खापर हवेवर फोडू नये. बाजारातल्या पॉलिएस्टरच्या ब्लँकेटनं हा धंदा आधीच अर्धा नेला. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या मात्र शिवल्या जाताहेत, कारण बोटं गारठत नाहीत.

शेवटी पूर्वेकडच्या, भंडारा-गडचिरोलीच्या धीवर बांधवांसाठी. तुम्ही येन, म्हणजे ऐन, आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पोसता. बियाण्याच्या कोशांच्या माळा आता पावसाळ्यापर्यंत टांगून राहतील. आतला जीव तोवर झोपलेला असायला हवा. खोली तापली आणि ओल धरली, तर पतंग अवेळी बाहेर पडतो. त्याला जोडी मिळत नाही, मिळालीच तर अळ्यांना कोवळा पाला नसतो. फोडलेल्या कोशाचा सलग धागाही निघत नाही, तो कातूनच वापरावा लागतो. आंधळगाव-मोहाडीच्या मागांवर करवतकाठी साडीला लागतो तो सलग धागा. म्हणून माळा पत्र्याखाली टांगू नका. कवेलूचं छप्पर आणि दोन्ही बाजूंनी वारा असलेली खोली बघा, उन्हाच्या बाजूला तट्ट्या लावा. एखादा पतंग निघालेला दिसला, तर दुसऱ्याची वाट न बघता माळा त्याच दिवशी गार खोलीत हलवा.

नमस्कार.