उकांबानीचे वाळू-बंधारे

नैरोबीच्या पूर्वेला आणि आग्नेयेला मचाकोस, मकुएनी आणि कितुई हे केनियाचे तीन कोरडवाहू परगणे पसरलेले आहेत. कांबा लोकांच्या या मुलखाला उकांबानी म्हणतात. येथे मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे वर्षातून दोन पावसाळे येतात. परंतु पाऊस मोजक्या दिवसांत कोसळून जातो, नद्या थोडा काळ दुथडी भरून वाहतात आणि मागे उरते ती केवळ वाळू. पडद्यावर दिसणारे हे रुंद, कोरडे पात्र अशाच एका नदीचे आहे. त्यात झिरे खणून वाटीवाटीने पाणी उपसणाऱ्या स्त्रिया वीस लिटरचे पिवळे कॅन गाढवांवर लादून घरी नेतात. कोरडा काळ लांबला की झिरा खोल जातो आणि पायपीट वाढते.

याच वाळूत पाणी साठवण्याचा उपाय म्हणजे वाळू-बंधारा. नदीपात्राच्या तळाचा अभेद्य कातळ जेथे वर आलेला असतो, तेथे त्याच्यावर दगड-सिमेंटची भिंत उभारतात. पुराबरोबर आलेली जड वाळू भिंतीमागे बसते, बारीक गाळ पाण्यासोबत भिंतीवरून निघून जातो, आणि साधारण एक ते तीन पावसाळ्यांत भिंतीमागचा भाग काठोकाठ वाळूने भरतो. या वाळूच्या एकूण आकारमानाच्या पंचवीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत पाणी तिच्या कणांमधील पोकळीत मावते. वर ऊन कितीही तापले तरी खोलवरचे पाणी आटत नाही, त्यात डास वाढत नाहीत आणि वाळूतून झिरपताना ते गाळलेही जाते. पुढे भिंतीतून काढलेल्या नळाने किंवा काठावरच्या हातपंपाच्या विहिरीतून ते घेता येते. मात्र जागेची निवड चुकली आणि भिंतीमागे वाळूऐवजी गाळ साचला, तर सारी मेहनत वाया जाते. म्हणून नदीचा कोणता भाग सर्वांत उशिरा कोरडा पडतो, हे जाणणाऱ्या गावातील वृद्धांचे मत अभियंत्याच्या मोजमापाइतकेच मोलाचे ठरते.

मचाकोसमध्ये १९७८ साली जोशुआ मुकुस्या यांनी शेजारच्या काही कुटुंबांना सोबत घेऊन उटूनी हा स्वयंसाहाय्य गट उभा केला आणि त्यातून या कामाला संघटित रूप आले. त्यांच्या कामाला बळ देण्यासाठी २००२ मध्ये ब्रिटनमध्ये एक्सलंट डेव्हलपमेंट ही धर्मादाय संस्था स्थापन झाली. आज ती सँड डॅम्स वर्ल्डवाइड या नावाने ओळखली जाते. संस्थेकडून सिमेंट, लोखंड आणि तांत्रिक मार्गदर्शन मिळते. दगड फोडणे, वाळू आणि पाणी वाहणे, पाया खणणे हे सारे गावकरी स्वतः करतात. कांबा समाजात एकमेकांच्या शेतावर मिळून राबण्याची म्वेथ्या नावाची जुनी रीत आहे, आपल्याकडच्या इर्जिकीसारखी, आणि बंधाऱ्याचे गट तिच्यावरच उभे आहेत. या गटांमध्ये स्त्रियांची संख्या बहुधा अधिक असते.

या श्रमांमागे एक कटू इतिहासही आहे. वसाहतकाळात जमिनीची धूप थांबवण्याच्या नावाखाली सरकारने येथील गुरे सक्तीने विकायला लावली, तेव्हा १९३८ मध्ये मुइंदी म्बिंगू यांच्या नेतृत्वाखाली कांबा लोकांनी थेट नैरोबी गाठून विरोध नोंदवला. पुढे सक्तीने खणायला लावलेल्या बांधांविषयीही मनात रोष होता. त्याच डोंगरउतारांवर आज हेच लोक चर खणून, माती वरच्या बाजूला टाकून, आपणहून मजगी घालत आहेत. माझ्या दृष्टीने, पाण्याच्या साठ्याइतकेच हे परिवर्तन महत्त्वाचे आहे, कारण मदत करणारी संस्था निघून गेल्यावरही बंधारा ज्यांना सांभाळायचा आहे, त्यांनीच तो आपला मानलेला असतो.

पाणी जवळ आल्यावर वाचलेला वेळ शेतीकडे वळतो. मका, तूर, चवळी आणि मूग ही येथील पिके; बंधाऱ्यालगत आता टोमॅटो, कांदा आणि पालेभाज्यांचे वाफेही दिसतात.

तथापि, नैरोबीतील बांधकामांसाठी होणारा वाळूउपसा हा या कामापुढील मोठा धोका आहे. वाळू गेली की तिच्यातले पाणीही गेले. मकुएनी परगण्याने २०१५ मध्ये वाळूच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. त्याची अंमलबजावणी करताना काठावरच्या गावांचे पहारे आणि परगण्याचे अधिकारी यांना एकत्र राबावे लागते, कारण वाळूचे ट्रक बहुधा रात्रीच येतात.