बॅरलच्या कडेवरचे काळे ठिपके

तुमच्या विज्ञान प्रदर्शनाला अजून दीड महिना आहे असं मॅडम म्हणाल्या, म्हणून मी आमच्या वेळचं सांगते. नववीत आमच्या गटाला डेंग्यू हा विषय आला होता. आम्ही कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरनं चार्ट पेपर आणले, डासाचं चित्र काढायचं, खाली लक्षणं लिहायची, एवढंच ठरलेलं. आणि त्याच जुलैत माझा धाकटा भाऊ तापानं पडला, टेस्ट पॉझिटिव्ह आली, पाच दिवस ॲडमिट. रोज सकाळी रक्त घ्यायचे आणि घरात दुसरं बोलणंच नाही, प्लेटलेट किती आल्या एवढंच. त्यानंतर मला तो विषय नुसता चार्टवर लिहवेना.

मी आमच्या मोरीमागच्या बॅरलपासनं सुरुवात केली. पेठेत पाणी ठरल्या वेळेला येतं त्यामुळं दारात बॅरल असतोच, आणि 2019 च्या महापुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेली, शहराला नळाचं पाणी मिळेना, तेव्हापासनं आज्जीला रिकामी बादली दिसली की चैन पडत नाही. टॉर्च मारला तर आत अळ्या! शेपटीकडची नळी पाण्याला लावून उलट्या लटकलेल्या, आणि माझी सावली पडली की सगळ्या वळवळत खाली तळाला. पाणी एकदम स्वच्छ होतं बरं का. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती, तो जास्त करून असल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच होतो आणि चावतो दिवसा, आपण मात्र गटाराकडं बोट दाखवत बसतो.

आज्जी म्हणाली, "अगं पण पाणी तर आपण दर आठवड्याला बदलतोय की." खरंच बदलत होतो, मग अळ्या येतात कुठनं? ह्याच्यावर मी दोन दिवस अडले. मग विज्ञानाच्या मॅडमनी सांगितलं की मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते. तुम्ही पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथंच, कोरडी कित्येक महिने राहतात, परत पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासनं डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस, म्हणून आठवड्यातनं एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून वाळवायचा दिवस, पाळायला सांगतात, पण त्या दिवशी कड घासली नाही तर अंडी राहतातच.

हे लोकांना डोळ्यांनी दिसायला पाहिजे असं वाटलं. एक डबा आतनं काळा रंगवला, थोडं पाणी, कडेला खरबरीत कागदाची पट्टी. पाच दिवसांनी पट्टीवर ठिपके, तिळापेक्षाही बारीक, पेनाचं टोक टेकवल्यासारखे. पट्टी सावलीत वाळवून महिनाभर कंपासपेटीत ठेवली. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर ती बरणीत पाण्यात टाकली आणि तोंडाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधलं.

आलेले पालक मात्र दुसरंच विचारत होते, पपईच्या पानाचा रस द्यायचा का वगैरे. भाऊ ॲडमिट असताना डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितलेलं तेच मी सांगत होते, की तापाला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन नको, आयबुप्रोफेन नको, आणि ताप उतरला म्हणून निवांत राहू नका, कारण धोका बऱ्याचदा तिथनंच सुरू होतो. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरडीतनं रक्त आलं तर लगेच दवाखाना गाठायचा. आणि ह्या विषाणूचे 4 प्रकार आहेत, एकदा झाला म्हणून सुटका नाही, दुसऱ्या प्रकाराचा झाला तर जास्त गंभीर होऊ शकतो, म्हणून भावाची काळजी आम्हाला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत केसाएवढ्या अळ्या हलत होत्या. आज्जी दुपारी आली, भिंग घेऊन आधी पट्टी बघितली, मग बरणी, परत पट्टी, आणि विचारलं, "काथ्यानं निघतात का गं ही?"

त्याच संध्याकाळी दोघींनी मिळून बॅरल आडवा केला आणि आतनं घासायला घेतला.