टप टप टप: तान्ह्यांची गोष्टीची वेळ

वाचनालयाच्या बालविभागात सतरंजी अंथरली आहे. पंखा हळू, लुकलुकणारी ट्यूब बंद. गोष्ट सांगणारी ताई खिडकीकडे पाठ करून बसत नाही. मागून उजेड आला की चेहऱ्यावर सावली पडते, आणि श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला तिचे ओठ दिसत नाहीत.

आठ-दहा बाळं, त्यांतली काही कमी ऐकणारी, कमी पाहणारी, न बोलणारी किंवा चाकाच्या खुर्चीतली, आणि प्रत्येकासोबत घरचं एक मोठं माणूस. गोष्ट पावसाची, जेमतेम सहा वाक्यांची. एका वाक्याला एकच वस्तू: ढगाला मऊ उशी, गडगडाटाला पत्र्याचा डबा, थेंबांना ओला स्पंज. वस्तू झाकलेल्या असतात, आपापल्या वाक्याला बाहेर येतात. सगळ्या एकदम मांडल्या की गोष्ट तिथेच संपली! काही मुलांचे डोळे ठीक असतात, पण दिसलेलं मेंदूला उलगडत नाही. अशा मुलाला त्या पसाऱ्यात काहीच सापडत नाही. त्याच्यासाठी काळ्या कापडासमोर एकच पिवळी वस्तू, किंचित हलवत धरायची. अगदी तान्ह्या बाळासाठी ती चेहऱ्यापासून 20 ते 30 सेंटीमीटरवर हवी. पलीकडचं त्याला धूसर दिसतं.

आता हा हात बघा. बोटांची टोकं स्पंजाला लागली. हात मागे गेला, मूठ मिटली. इथे मोठ्यांचे हात शिवशिवतात. मनगट धरून पंजा स्पंजावर टेकवला, तर पुढच्या खेपेला तो हात पुढे येणारच नाही. त्यापेक्षा आपला तळवा बाळाच्या तळव्याखाली सरकवायचा आणि आपल्याच बोटांनी स्पंज दाबायचा. हवं तर बाळाची बोटं खाली उतरतील, नको तर हात उचलेल. तोवर थांबा, मनात दहापर्यंत मोजा. सावकाश.

'टप टप टप' हे पालुपद एका मोठ्या बटणात आधीच रेकॉर्ड केलंय. न बोलणारं मूल ते दाबून आपली ओळ म्हणतं. बहुतेकदा गडबड होते ती बटण हाताच्या टप्प्यात नसल्यामुळे, नाहीतर मोठ्यांनी घाईने दाबल्यामुळे.

मग पंधरा मिनिटं पाण्याचा खेळ. काही ट्रे जमिनीवर, काही चाकाच्या खुर्चीच्या फळीवर. पाणी कोमट, दोन सेंटीमीटर. एवढ्यातही बाळ बुडू शकतं. म्हणून मोठं माणूस हातभर अंतरावरून हलत नाही आणि खेळ संपताच पाणी ओतून टाकलं जातं. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाणारी वस्तू बाद. पाण्यात फुगणारे मणी तर खोलीतही नकोत. गिळले तर आतड्यात फुगून अडकतात. तोंडात गेलेलं खेळणं थेट धुण्याच्या टोपलीत.

कोपऱ्यातल्या गादीवर एक मूल पाठमोरं बसलंय. त्याला हाक मारायची नाही, तिथूनही गोष्ट ऐकू येते.

शेवटचं गाणं दर वेळी तेच. आधी गाण्याचं चित्र दाखवायचं, मग गाणं, मगच ट्रे उचलायचे. ट्रे आधी उचलले तर रडारड ठरलेली.