सुट्टी तिथी बघून घ्या

(गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नाताळच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून भाचरं येतात. पाय धुऊन झाले की पहिला प्रश्न ठरलेला, "मामा, उद्या तिसऱ्या काढायला जायचं ना?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखालचं बारीक अक्षर बघतो. सप्तमी. म्हणजे भांग. पाणी धड चढणार नाही, धड उतरणार नाही. तिसऱ्यांची, म्हणजे वाळूत पुरून राहणाऱ्या शिंपल्यांची, जागा दिवसभर कमरेएवढ्या पाण्याखाली राहणार. त्यांना हे सांगायचं माझ्या जिवावर येतं, कारण शनिवार-रविवार संपला की त्यांना परतायचं असतं.

दिवाळीला मात्र असं कधी होत नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला, भाऊबीज द्वितीयेला. आपले मोठे सण चंद्रावर बांधलेले आहेत आणि समुद्रही चंद्रावरच चालतो. त्यामुळे दिवाळी नेहमी उधाणातच येते, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही तेव्हा. होळीही तशीच, पौर्णिमेची. नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीला तिथीशी देणंघेणं नाही, म्हणून तिथे आपण हिशेब करायला हवा.

हा हिशेब आपल्या आज्यांना तोंडपाठ होता. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. आज तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. पहाटे सव्वादोनला भरती, तिथून सहा तास बारा मिनिटांनी ओहोटी, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमाराला पाणी पार उतरलेलं. अष्टमीला सहा वाजता भरती आणि बाराला ओहोटी, पण ती ओहोटी नावापुरतीच. हा अंदाज आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जावं तितकं पाणी उशिरा फिरतं. नेमकी वेळ हवी तर हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर बघा. लाटांचा इशाराही तिथेच मिळतो आणि तो बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

आता एक बारकावा. सर्वात मोठी ओहोटी पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशीच असते असं पुष्कळांना वाटतं. पण समुद्राला हलायला जरा वेळ लागतो. खरं मोठं उधाण एक-दोन दिवसांनी येतं, म्हणजे द्वितीया-तृतीयेला. शिवाय त्या दिवशी ओहोटी सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान पडते. ऊन चढलेलं नसतं, वाळू थंड असते. महिन्यातून असे दोन मुहूर्त मिळतात. रजेचा अर्ज त्याप्रमाणे करा, एवढंच मी भाचरांना सांगतो.

तिसऱ्या काढणं मी आजीकडून शिकलो. ती वाकून उकरत बसायची नाही. ओल्या वाळूवर आधी नुसती उभी राहायची आणि बघायची. तिसरी वाळूत पुरलेली असते, पण श्वासासाठी आणि खाण्यासाठी दोन नळ्या वर काढते. पाणी ओसरलं की त्या आत जातात आणि वाळूवर शेजारीशेजारी दोन बारीक भोकं राहतात. जवळ पाय टेकला की त्यातून पाण्याची पिचकारी उडते. आजी तिथे बोटं घालायची आणि तिसरी बाहेर. करंगळीच्या नखाएवढी निघाली की पुन्हा त्याच भोकात ठेवून वर वाळू सारायची. आणि ओहोटी संपून भरती लागायच्या वेळचं तिचं एक वाक्य होतं, "पाणी फिरला काय उठाचा. तिसरी खंय पळान जाणा नाय."

हे वाक्य मी एकदा ऐकलं नाही. एकोणीस वर्षांचा होतो. खाडीच्या तोंडाशी एका खडपावर, म्हणजे खडकावर, गळ टाकून गरवत बसलो होतो. गोबरा मासा लागत होता, उठवेना. पाणी फिरलेलं मला दिसलं होतं, पण इतकं हळू चढत होतं की अजून तास आहे असं वाटलं. भरतीचं पाणी एका गतीने येत नाही. एकूण चढायचं असतं त्याचा बारावा हिस्सा पहिल्या तासात, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. पहिला तास फसवतो. आणि पाणी आधी तुमच्या समोर भरत नाही, पाठीमागच्या सखल भागात भरतं. मी वळून पाहिलं तेव्हा मी चालत आलो ती वाट गळ्याएवढ्या पाण्यात गेली होती. वाडीतल्या एका काकांनी होडी आणली म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. तेव्हापासून ओहोटीच्या दीड तास आधी उतरतो आणि पाणी फिरलं की गरी गुंडाळतो. एकट्याने जात नाही.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण तो पुष्कळ माशांचा विणीचा काळ. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याला तो नियम लागू नसला तरी त्या दिवसांत खवळलेल्या समुद्रालगतच्या खडपावर जाऊ नये. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत. गरीला लागलेला मासा लहान असला तर हात ओले करून अलगद सोडा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मालवणला जाणार असाल तर तिथलं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे. कुठे काय चालतं ते आधी विचारून घ्या.

शिंपल्यांचा विषय मात्र मला जास्त लागून राहतो. केरळात अष्टमुडी तलावात तिसऱ्यांच्याच जातभाईंची मोठी काढणी चालते. तिथे विणीच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, काढणी बंद ठेवतात आणि 30 मिलिमीटरपेक्षा बारीक आसाचं (भोकाचं) जाळं वापरत नाहीत. 2014 मध्ये त्या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. आपल्या खाडीतही गावाने बसून असं ठरवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. या वाळूवर कितीतरी बायकांची चूल पेटते. आपण हौसेने जातो, तेव्हा एका जेवणापुरतं काढावं आणि त्या काढत असतील ती जागा सोडून बसावं.

आणि कुठून काढता ते बघा. शिंपला पाणी गाळून खातो, पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठतं. गटार मिळतं तिथलं काढू नका. पाण्याला तांबडा किंवा हिरवा रंग चढला असेल तर अजिबात नको. 1983 मध्ये मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळे इथे शिंपल्यांतून विषबाधा झाली आणि एक मुलगा दगावला. हे विष शिजवून जात नाही.

घरी आणलेल्या तिसऱ्या खाडीच्याच पाण्यात चार-पाच तास ठेवा, वाळू ओकतात. मग एकेक हातात घ्या. तोंड उघडं असेल तर टिचकी मारा. मिटली तर जिवंत आहे, विळीवर घ्या. नाही मिटली तर ती टाकून द्यायची.