आवाज आधी, चेहरा नंतर

[दृश्य: अंधेरीतला डबिंग स्टुडिओ. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. बूथमध्ये हेडफोन लावलेली कलाकार, समोर पडदा.]

डबिंगच्या बूथमध्ये कलाकार उभा राहतो तेव्हा चित्र तयार असतं. ओठ कधी उघडणार, कधी मिटणार, श्वास कुठे घ्यायचा, सगळं आधीच ठरलेलं. शब्द त्यात बसवायचे आणि तरीही ते जिवंत वाटायला हवेत. जपानी कार्टूनमधल्या निंजा हत्तोरीला हिंदीत बोलतं करणाऱ्या मेघना एरंडे यांच्यासारखे कलाकार हे अवघड काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्यांचा आवाज घराघरांत पोचतो, पण डबिंग कलाकारांची नावं बऱ्याचदा पडद्यावर येतच नाहीत.

[दृश्य: पडदा बंद होतो. बूथमध्ये फक्त माईक आणि संहितेचे कागद.]

आता हा पडदा काढून टाकू. लॉस एंजेलिसमध्ये ‘द सिम्पसन्स’ तयार होते ती अशी. कलाकार माईकसमोर बोलतो, तेव्हा त्या प्रसंगाचं एकही चित्र काढलेलं नसतं.

मोठ्यांसाठीची ही कार्टून मालिका, एका घराची गोष्ट. बाबा होमर, आई मार्ज, मुलगा बार्ट, मुलगी लिसा आणि तान्ही मॅगी. मालिका सुरू झाली १७ डिसेंबर १९८९ रोजी. पण हे कुटुंब त्याच्या दोन वर्षं आधीच, १९८७ मध्ये, ‘द ट्रेसी उलमन शो’ या कार्यक्रमात लहान-लहान तुकड्यांतून लोकांसमोर आलं होतं. चित्रकार मॅट ग्रेनिंग, निर्माते जेम्स एल. ब्रूक्स. आणि आवाज?

होमर आणि मार्जसाठी कुणाला शोधावंच लागलं नाही. डॅन कॅस्टेलानेटा आणि ज्युली कॅव्हनर त्याच कार्यक्रमात नट म्हणून काम करत होते. बाहेरून माणसं आणण्यापेक्षा या दोघांनाच विचारलं गेलं. कॅव्हनरच्या आवाजात मुळातच एक खरखर आहे. मार्जला ती तशीच मिळाली.

मुलांची गोष्ट वेगळी. नॅन्सी कार्टराइट आवाजाच्या चाचणीला आली होती लिसासाठी. लिसाच्या वर्णनात ‘मधलं मूल’ यापलीकडे फारसं काही नव्हतं. शेजारीच दहा वर्षांच्या बार्टचं वर्णन होतं. शाळेचा वैरी, खोडकर, डोक्याने तल्लख. तिने सरळ सांगितलं, मला हा वाचायचाय. ग्रेनिंगने ऐकलं आणि तिथल्या तिथे भूमिका देऊन टाकली. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देऊ नये. योगी बेअर या कार्टून अस्वलाला आवाज देणारे डॉज बटलर हे तिचे गुरू. अनेक वर्षांची तालीम गळ्यात घेऊन ती त्या खोलीत शिरली होती.

आणि यार्डली स्मिथ? तिने वाचला होता बार्ट. निवड करणाऱ्या बोनिता पिएतिला यांना तो आवाज मुलासाठी फार चिरका वाटला. तो लिसाला मिळाला.

[दृश्य: आमची कलाकार हनुवटी छातीकडे नेते आणि तेच वाक्य पुन्हा बोलते.]

हे नीट ऐका. वाक्य तेच, गळा तोच, फक्त हनुवटी खाली. आवाज जड झाला, थोडा सुस्तावला. कॅस्टेलानेटा होमरसाठी असंच करतो. सुरुवातीच्या तुकड्यांत त्याने वॉल्टर मॅथाऊ या नटाच्या बोलण्याचा ढंग धरला होता. तासन्‌तास रेकॉर्डिंग करायची वेळ आली, रडायचं, ओरडायचं, लाडात यायचं, तेव्हा तो ढंग पुरेना. मग आवाज खाली उतरला आणि आज जगाला माहीत असलेला होमर सापडला. तोच कॅस्टेलानेटा आजोबांचा आवाज काढतो, क्रस्टी विदूषकाचा काढतो, दारुड्या बार्नीचाही काढतो.

होमरचा तो प्रसिद्ध ‘डोह’ संहितेत लिहिलेलाच नसतो. तिथे असते फक्त चिडून हुंकार देण्याची सूचना. जुन्या विनोदी चित्रपटांतला नट जेम्स फिनलेसन असाच एक सूर लांबवून काढायचा, तो कॅस्टेलानेटाला आठवला. ग्रेनिंग म्हणाला, ॲनिमेशनमध्ये एवढा वेळ नाही, झटकन दे. २००१ मध्ये हा ‘डोह’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेला. लेखकाने जागा मोकळी ठेवली होती, ती नटाने भरली.

[दृश्य: लांब टेबल, कागद, पेन्सिली. आमचे चार कलाकार वाचन करताहेत.]

आधी वाचन. अनेक वर्षं ते गुरुवारी व्हायचं. कलाकार, लेखक, निर्माते एका खोलीत. कुठे हशा पिकला, कुठे वाक्य पडलं, याच्या खुणा होतात, संहिता पुन्हा लिहिली जाते आणि सोमवारी रेकॉर्डिंग. मालिका उभी करणाऱ्यांपैकी सॅम सायमन यांचा आग्रह होता की कलाकारांनी एकत्र उभं राहून बोलावं, एकेकट्याने नव्हे. आकाशवाणीच्या नभोनाट्यासारखं. समोरच्याचं वाक्य कानावर पडल्याशिवाय उत्तराला धार येत नाही, हे नाटकवाल्यांना सांगायला नको. हॅरी शिअरर मात्र कारखानदार बर्न्स आणि त्याचा सहायक स्मिदर्स, दोघांचे संवाद एकटाच बोलतो.

[दृश्य: संगणकावर आवाजाची लाट. शेजारी खालून उजेड येणारा लाइट बॉक्स, त्यावर एक विद्यार्थिनी ओठांचे आकार काढतेय.]

आता पेन्सिल हातात येते. रेकॉर्ड झालेला संवाद फ्रेम-फ्रेम मोजला जातो. एका सेकंदात २४ फ्रेम. ‘प’, ‘ब’, ‘म’ आले की ओठ मिटलेले, ‘आ’ आला की जबडा खाली, ‘ऊ’ आला की चंबू. कुठल्या फ्रेमला कुठला आकार, हे तक्त्यावर उतरतं. ही विद्यार्थिनी काढतेय तो ‘आ’ बघा. कलाकार जिथे अडखळली, तिथे चित्राचे ओठही थांबलेत. विद्यार्थिनीने चित्राची भुवई उंचावली ती आवाजात ऐकू आली म्हणून. मालिकेत ओठांच्या आधी होतो स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची चित्रांतली मांडणी, आणि मग आवाजावर बेतलेलं कच्चं काळं-पांढरं रेखांकन, ज्याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. ते बघून लेखक पुन्हा वाक्यं बदलतात आणि कलाकार पुन्हा माईकसमोर येतात. एक भाग, साधारण २२ मिनिटांचा. तयार व्हायला कित्येक महिने लागतात.

मधली हजारो चित्रं दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंत काढली जातात. १९८९ मध्ये तिथून तयार होऊन आलेला पहिलाच भाग इतका बिघडला होता की त्याचा मोठा हिस्सा नव्याने करावा लागला, आणि त्या शरद ऋतूत सुरू होणारी मालिका डिसेंबरवर गेली. आवाजांना मात्र कुणी नावं ठेवली नव्हती. टीव्हीसाठीच्या १९९२ च्या एमी पुरस्कारांत कार्टराइट, कॅव्हनर, कॅस्टेलानेटा, स्मिथ, चौघांनाही आवाजासाठी गौरवलं गेलं.

पैशाचा प्रश्न आला १९९८ मध्ये. मालिका दाखवणाऱ्या फॉक्स वाहिनीने बदली कलाकारांची शोधाशोध सुरू केली, तरी हे कलाकार हटले नाहीत, आणि दर भागाचं मानधन ३० हजार डॉलरवरून सव्वा लाखावर गेलं. अपू या भारतीय दुकानदाराला १९९० पासून हँक अझेरिया या न्यूयॉर्कच्या गोऱ्या नटाने आवाज दिला. भारतीय वंशाचे अमेरिकी विनोदकार हरी कोंडाबोलू यांच्या २०१७ च्या माहितीपटानंतर त्यावर उघड बोललं गेलं, आणि २०२० मध्ये अझेरियाने ती भूमिका सोडली. भारतीय वंशाच्या कलाकाराला ती तीस वर्षं आधी मिळायला हवी होती.

[दृश्य: बूथचं दार. रिकामा स्टूल. दुसरी कलाकार आत येते.]

चित्रातली माणसं म्हातारी होत नाहीत, कलाकार होतात. बार्टच्या शाळेतल्या बाई क्रॅबॅपल यांचा आवाज असलेल्या मार्शा वॉलेस २०१३ मध्ये गेल्या, आणि बाईंना मालिकेतून निरोप दिला गेला. बार्टचा मित्र मिलहाउस याला सुरुवातीपासून बोलवणाऱ्या पामेला हेडन २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाल्या. त्याच्यासाठी नव्याने आवाज शोधावा लागला, आणि २०२५ पासून केली मॅक्लाउड मिलहाउसला बोलतं करताहेत.