न उच्चारला जाणारा 'बी': लफेव्र आडनावाचा माग

(दृश्य: उत्तर फ्रान्समधलं एक गाव. दुकानाच्या पाटीवर मालकाचं आडनाव: Lefebvre.)

फ्रेंच माणूस ही पाटी वाचतो 'लफेव्र'. पण अक्षरं नीट मोजलीत तर मध्ये एक 'बी' आहे. तो कुणीच उच्चारत नाही. मग तो तिथे आला कुठून?

लफेव्र म्हणजे लोहार. जुन्या फ्रेंचमध्ये लोहाराला 'फेव्र' म्हणत, आणि तो शब्द लॅटिन 'फाबेर'वरून आलेला. फाबेरमधला 'ब' लोकांच्या तोंडून केव्हाच झिजून गेला होता. मध्ययुगाच्या अखेरीस कागदपत्रं लिहिणाऱ्या कारकुनांनी तो पुन्हा लिहायला घेतला. त्यांना लॅटिन येत होतं, आणि येतं हे दाखवायची हौसही होती. सोयीचाही भाग होता. त्या काळी 'यू' आणि 'व्ही' ही दोन अक्षरं वेगळी लिहीत नसत. आधी 'बी' असला की पुढचं अक्षर 'व्ही' आहे हे समजायचं. निदान समजावं अशी अपेक्षा होती. काहींनी ते 'यू' वाचलं, 'बी'ही उच्चारला, आणि 'लफेब्यूर' नावाचं वेगळंच आडनाव जन्माला आलं!

(दृश्य: फ्रान्सचा नकाशा. एकेका प्रांतावर नाव उमटतं.)

हाच लोहार दक्षिणेकडे निघाला की नाव बदलतो. लांगदोकमध्ये तो फाब्र. दोफिने आणि लिमूझँकडे फोर. सावोयच्या डोंगरात फाव्र, फ्रांश-कोंतेमध्ये फेव्र, पण लिहिण्याची तऱ्हा निराळी. ब्रिटनीत ब्रेटन भाषेतला 'ल गॉफ', अल्सासमध्ये जर्मन वळणाचा श्मिट. कीटकांचा अभ्यास करणारे जाँ-आंरी फाब्र, 1895 ते 1899 राष्ट्राध्यक्ष असलेले फेलिक्स फोर, जर्मनीशी झालेल्या 1871च्या फ्रँकफुर्ट तहावर फ्रान्सतर्फे सही करणाऱ्यांपैकी ज्यूल फाव्र: तिघांचं आडनाव एकच, लोहार.

नाव एक म्हणून रक्त एक, असं मात्र नाही. गावोगाव एक लोहार होताच, त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी आपापलं सुरू झालं. आपल्याकडे लोहार आडनावाची दोन घरं भेटली म्हणून कुणी त्यांची भाऊबंदकी जोडत नाही, तसंच हे. घराण्यांच्या चिन्हांची रंगीत चित्रं 'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' म्हणून विकणारे भेटतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं.

(दृश्य: जुन्या नोंदवहीची पानं, शाईचे डाग.)

खरा माग लागतो तो नोंदवह्यांत. आणि तिथे चालायचं उलट्या पावलांनी. जन्मनोंदीत आईबापांची नावं असतात, तेवढ्यावरून त्यांचं लग्न शोधायचं. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आईबापांची नावं, की आणखी एक पिढी मागे. बहुतेक जिल्ह्यांच्या अभिलेखागारांनी या वह्या इंटरनेटवर ठेवल्या आहेत, दर दहा वर्षांच्या सूचीसकट. वाटेत फ्रेंच क्रांतीनं आणलेलं नवं पंचांग आडवं येतं: 'वर्ष तिसरं, महिना फ्रुक्तिदोर' असली तारीख नेहमीच्या तारखेत बदलून घ्यावी लागते. हे पंचांग 1805च्या अखेरीपर्यंत चाललं.

20 सप्टेंबर 1792 रोजी या नोंदी चर्चकडून काढून नगरपालिकांकडे दिल्या गेल्या. त्याआधीच्या काळासाठी पाद्र्यांच्या वह्या. बाप्तिस्म्यांची नोंद ठेवावी, असं फ्रान्स्वा पहिला या राजानं 1539मध्ये विलेर-कोत्रेच्या हुकुमानं ठरवलं. लग्नं आणि दफनं 1579च्या हुकुमात आली. पाद्री ऐकू येईल तसं लिहायचा. समोरच्याला बहुधा सही येत नव्हती, मग तो चूक दाखवणार कशी? त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावंसुद्धा दोन तऱ्हांनी सापडतात. 1794च्या कायद्यानं मात्र जन्मनोंदीतल्याखेरीज दुसरं नाव लावायला बंदी घातली. म्हणजे ज्याच्या नोंदीत 'बी' पडला, त्याच्या वंशाला तो चिकटला. 'आम्ही बी लावणारे, ते बिन-बीचे' हा अभिमान माझ्या मते त्या कारकुनाच्या टाकाचा आहे, घराण्याचा नाही.

पॅरिसच्या वंशजांची अडचण निराळी. या नोंदींच्या दोन प्रती असत: एक नगरभवनात, दुसरी न्यायालयाच्या इमारतीत. मे 1871मध्ये, पॅरिस कम्यून या शहरातल्या बंडखोर सरकारच्या शेवटच्या आठवड्यात, दोन्ही इमारती पेटल्या. शहराच्या 1860पूर्वीच्या नोंदी दोन्ही प्रतींसह गेल्या. नंतर घराघरांतले कागद गोळा करून काही भाग पुन्हा उभा केला, बाकीचा कायमचा गेला.

(दृश्य: चर्मपत्रावरची कराची यादी.)

1539च्या मागे वह्या विरळ होत जातात. तिथे हाती येतात नोटरींचे करार आणि करांच्या याद्या. 1292 सालची पॅरिसची अशी एक यादी आजही आहे. असल्या यादीत 'लोहार' लिहिलेला माणूस खरोखर भाता फुंकत होता, की ते नुसतं घराण्याचं नाव होतं, हे एकट्या शब्दावरून ठरत नाही. त्यासाठी पुढे धंदा लिहिलाय का ते बघायचं. लफेव्र म्हणून नोंदलेला माणूस पाव भाजत असेल, तर समजावं की ऐरणीवरचा लोहार त्याचा बाप किंवा आजा होता, आणि याच्यापर्यंत येईतो त्या शब्दाचं आडनाव झालं होतं.